वाचक विचारतात : शिडाच्या बोटीने निघण्याआधी

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातल्या होड्या समुद्रात उतरतात, पण हौशी शिडवाल्यांचा मोसम खरा सुरू होतो तो दिवाळीनंतर. पाणी निवळतं, सकाळी जमिनीवरून मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा असा रोजचा पाठ बसतो आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत बहुतेक दिवस जाण्यासारखे असतात. या विषयावर आलेल्या पत्रांतले एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : जानेवारीत आम्ही पाच जण (मुलं ६ आणि ११ वर्षांची) तांडेलासह (बोट चालवणाऱ्यासह) शिडाची बोट भाड्याने घेऊन गेटवेहून मांडव्याला जाणार आणि त्याच दिवशी परतणार आहोत. बोटवाले म्हणतात, कोणत्याही रविवारी या. काही बघून तारीख ठरवावी का? (पुणे)

वार नंतर बघा, आधी तिथी बघा. तुमचा दिवस मजेत जाणार की परत येताना मुलं रडकुंडीला येणार, हे जवळजवळ पूर्णपणे त्यावर ठरतं.

गेटवे ते मांडवा जेटी सरळ रेषेत साधारण साडेसात सागरी मैल, म्हणजे चौदा किलोमीटरच्या आसपास. मांडवा दक्षिण-आग्नेयेला आहे. जानेवारीच्या सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा ईशान्य किंवा पूर्वेकडून असतो. म्हणजे जाताना तो डाव्या कुशीवर लागतो आणि शिडाच्या बोटीला याहून सोयीचा वारा नाही. चोवीस-पंचवीस फुटी बोट चार-साडेचार नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आरामात चालते आणि पावणेदोन-दोन तासांत पोचते. साडेदहा-अकराच्या सुमारास हा वारा पडतो. तासभर पाणी आरशासारखं होतं, मग बारा-एकच्या दरम्यान वायव्येकडून खारा वारा सुरू होतो.

अडचण इथे आहे. परतीची दिशा उत्तर-वायव्य आणि वाराही वायव्येचा, म्हणजे जवळपास तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अशी वळणं घेत तिला वर चढावं लागतं. त्यामुळे साडेसात मैलांचे दहा-अकरा मैल होतात. त्यातच ओहोटी लागलेली असेल तर प्रवाह तुम्हाला बंदराबाहेर ढकलत राहतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, बंदराच्या तोंडाशी हा प्रवाह दोन नॉटच्या वर जातो. बोट पाण्यातून चार नॉटने चालतेय असं वाटतं, प्रत्यक्षात घराकडे सरकण्याचा वेग दीड-दोन नॉटच उरतो. शिवाय वारा आत येतोय आणि पाणी बाहेर जातंय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. पाणी अंगावर उडतं आणि पोटं ढवळतात.

म्हणून जाताना ओहोटी आणि येताना भरती मिळेल असा दिवस शोधा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब उपयोगी पडतो : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. तुम्हाला हवी आहे सकाळी पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यानची भरती, म्हणजे नवमी, दशमी किंवा एकादशी. दशमीला साडेसातला पाणी भरलं की आठला निघा. ओहोटी सोबत घेऊन दहापर्यंत मांडवा, जेवण, विश्रांती. पावणेदोनच्या सुमारास पाणी पूर्ण उतरून वळतं. अडीचला नांगर उचला, वाढती भरती आणि खारा वारा घेऊन साडेपाचपर्यंत परत. जानेवारीत मुंबईचा सूर्यास्त सव्वासहाच्या पुढेमागे असतो, तेव्हा पाऊण तास हातात राहतो. या तिथींचा आणखी फायदा म्हणजे त्या भांगाच्या, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरतीच्या, दिवसांजवळच्या. पाण्याची चढउतार कमी, प्रवाह सौम्य.

पाऊणपटीचा हिशोब अर्धा तास, कधी तासभरही चुकतो. त्यावर फक्त रविवार निवडा. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा सागरी अंदाज आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविज्ञान केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. कुटुंबासोबत जाताना आमची मर्यादा अशी : वारा १५ नॉटच्या वर किंवा लाटा दीड मीटरच्या वर सांगितल्या असतील, किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर जायचं नाही. जानेवारीत सकाळी धुरकट हवाही असते. गेटवेवरून मिडल ग्राउंडचं बेट स्पष्ट दिसत नसेल तर ते दिसेपर्यंत थांबा. आगाऊ रक्कम देण्याआधी बोटवाल्याला विचारा की हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख. हे आधी ठरलेलं नसलं की पैसे वाया जातील या विचाराने माणसं नको त्या दिवशी निघतात.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना पोहता येत नाही, मुलगी सहा वर्षांची, वजन १९ किलो. बोटीवर लाइफ जॅकेट असतातच, मग वेगळी घ्यावी का? (नाशिक)

मुलीसाठी घ्याच. भाड्याच्या बोटींवर मोठ्यांच्या मापाची जॅकेट भरपूर असतात, मुलांची क्वचित. मोठ्याचं जॅकेट लहानाला घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. मुलांचं जॅकेट वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे कॉलर हवीच. घालून झाल्यावर खांद्याचे पट्टे धरून मुलीला हलकेच वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर माप चुकलं.

तरंगशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट म्हणजे पोहता येणाऱ्यासाठी आधार, एवढंच. ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. सासऱ्यांना निदान १०० आणि शक्यतो १५० न्यूटनचं द्या. फोमचं असेल तर दोन बोटांनी दाबून पाहा : फोम परत फुगला पाहिजे, चुरा झाल्यासारखा लागता कामा नये. शिवण, बक्कल, शिट्टी आणि चमकणारी पट्टी तपासा. गॅसवर आपोआप फुगणारं असेल तर सिलिंडर फिरवून बाहेर काढून त्याचं वजन त्यावर कोरलेल्या वजनाशी जुळतं का पाहा. शिवाय तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल पडलं तर ते बाद.

आणि जॅकेट घातलेलं असायला हवं, बाकाखाली ठेवलेलं नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा जॅकेट शोधून, पट्टे सोडवून, अंगात घालायला कुणाला वेळच नव्हता. जेटीवरच घाला, जेटीवर परतल्यावर काढा. उकडतं हे खरं आहे. आत पातळ सुती सदरा घाला आणि डोक्यावर रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी.

प्रश्न : मला एस.टी.च्या घाटातही मळमळतं. बोटीवर काय होईल? (सोलापूर)

उलटी झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. सिनारिझिन निघण्याआधी दोन तास, मेक्लिझिन किंवा प्रोमेथाझिन तास-दोन तास आधी घेतात. प्रोमेथाझिनने गुंगी चांगलीच येते, त्यामुळे दोर-शीड हाताळणाऱ्याने ते टाळावं. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका. कोणतीही गोळी प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन ती तुम्हाला किती झोपवते ते बघा.

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि वडापाव किंवा मिसळ खाऊनही जाऊ नका. सकाळी मऊ भात, इडली किंवा तूप न लावलेली पोळी. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा, बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं. बसायची जागा बोटीच्या मध्यावर किंवा थोडी मागच्या बाजूला. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, हेलकावा सर्वांत जास्त असतो. केबिनमध्ये जाऊ नका, मोबाइलमध्ये बघू नका, क्षितिजाकडे किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या ठळक खुणेकडे बघा. तांडेलाची हरकत नसेल तर सुकाणू हातात घ्या. पुढची लाट आधी दिसली की शरीर तयार राहतं आणि मळमळ खरोखर कमी होते.

जांभया, थंड घाम आणि गप्प बसणं ही पहिली लक्षणं. उलटी येतेच आहे असं वाटलं तर वारा पाठीवर येईल त्या बाजूला वळा, पण बसूनच आणि कुणीतरी जॅकेट धरलेलं असताना. कठड्यावरून वाकताना तोल जाऊन माणसं पाण्यात पडतात. त्यापेक्षा बादली बरी. नंतर घोटघोट पाणी : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

प्रश्न : जुनी २१ फुटी शिडाची बोट घेतली आहे, पाच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. जेटीवर इंजिन लगेच चालू होतं, पण दहा मिनिटांत बंद पडतं. कारागिराने दोनदा कार्बोरेटर साफ केला. आणि निघण्याआधी बोटीत नक्की काय काय तपासायचं? (उरण)

आधी इंजिन. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो, तो उघडलाय का? बंद असेल तर पेट्रोल खाली जातं तशी टाकीत पोकळी तयार होते, काही मिनिटांनी पेट्रोल उतरेनासं होतं आणि इंजिन गुदमरतं. थोडा वेळ थांबलात की परत चालू होतं, म्हणून दोष कार्बोरेटरवर जातो. तुमच्या वर्णनावरून आमचा पहिला संशय यावरच आहे. स्क्रू उघडा असेल तर पेट्रोल बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि महिनाभर पडून राहिलं तर पाणी खाली साचतं. काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेवा, तळाशी वेगळा थर दिसला तर सगळं टाका. ताजं पेट्रोल, एका लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल हे ५० : १ चं प्रमाण, पण तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच पाळा. इंजिन ठेवून देताना पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या.

इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेवा. धार थांबली की थंड करणारं पाणी थांबलं. मुंबई बंदरात याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लास्टिकची पिशवी. लगेच इंजिन बंद करा, वर उचला, पिशवी काढा. पंखा कशात अडकला की त्याला फिरवणारी बारीक पिन (शिअर पिन) तुटते, म्हणजे इंजिन फिरतं पण बोट हलत नाही. दोन जादा पिना आणि पक्कड इंजिनालाच बांधून ठेवा. पेट्रोलचा हिशोब तीन वाट्यांचा : एक जायला, एक यायला, एक अडचणीला. हे इंजिन पूर्ण वेगात तासाला दोन-अडीच लिटर पितं. बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली हवी.

आता बोट. खालून वर जा. बुडातलं बूच बसवलंय का हे सर्वांत आधी. हसू येईल, पण जेटीवरच बोटी भरतात त्या यानेच. तळातलं पाणी काढून टाका आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. परत आलं असेल तर ते कुठून येतं ते सापडेपर्यंत निघू नका. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून पाहा, पिनेला वरून अडकवणारी क्लिप आहे ना? ती नसली तर लाटेत सुकाणू उचललं जाऊन निघून येतं.

डोलकाठीला धरणाऱ्या तारा सगळ्यांत महत्त्वाच्या आणि सगळ्यांत दुर्लक्षित. स्टेनलेस स्टील गंजत नाही ही समजूत चुकीची आहे. खाऱ्या दमट हवेत तारेच्या टोकाला, जिथे ती धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे आतून चिरा जातात. तिथे तांबूस डाग किंवा तुटलेला एक जरी धागा दिसला तर तार बदला. जुनी कापडी पट्टी फिरवलीत तर तुटका धागा कापडात अडकतो, बोटात घुसत नाही. प्रत्येक पिनेत वळवलेली क्लिप आणि त्यावर चिकटपट्टी हवी, नाहीतर शिडाचा दोर ती क्लिप ओढून काढतो. एक तार सुटली की डोलकाठी आडवी. शीड वर चढवणारा दोर वरच्या कप्पीपाशी घासला जातो. जिथे तो पिंजलाय तेवढा भाग कापून टाका आणि गाठ नव्याने मारा.

शीड कमी करायची सोय, म्हणजे रीफ, जेटीवर एकदा घेऊन बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दहा नॉटला सुखात चालणारी बोट वीस नॉटला अंगावर येते ती यामुळे. लाटांवर पांढरे तुरे सगळीकडे दिसू लागले की रीफ घ्यायची वेळ झालेली असते. ‘घ्यावी का?’ असा प्रश्न मनात आला की घ्या. सोडवणं सोपं आहे, जोरात घेणं अवघड.

सोबत : दोरी बांधलेली बादली (घाबरलेल्या माणसाच्या हातातली बादली कोणत्याही पंपाहून जास्त पाणी काढते), दोन वल्ही, धारदार सुरी, जलरोधक टॉर्च, शिट्टी, कंपास, वीस मीटर जादा दोर, प्रथमोपचार आणि माणशी तीन लिटर पाणी. लाल हातफ्लेअर आणि नारिंगी धुराचा डबा यांवरची मुदत बघा, ती साधारण तीन वर्षांची असते. हातफ्लेअर जेमतेम एक मिनिट जळतो, म्हणून समोर बोट दिसत असतानाच लावा आणि वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला हात लांब धरा.

प्रश्न : मांडव्याजवळ नांगर टाकून आम्ही जेवत होतो. वीस मीटर दोर सोडला होता, खोली तीन मीटर. दीड तासाने बघतो तर बोट दोनशे मीटर सरकलेली. नांगर लहान आहे का? (ठाणे)

नांगर नव्हे, दोर लहान पडला. तीन मीटर खोली तुम्ही ओहोटीला मोजलीत. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. भरतीला खोली सात मीटर, त्यात पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर, म्हणजे आठ. दोराच्या नांगराला किमान पाचपट लांबी लागते, म्हणजे चाळीस मीटर. वारा असेल तर सातपट. तुमचे वीस मीटर सुरुवातीला पाचपट होते, पाणी चढेल तसे कमी पडत गेले, पूर्ण भरतीला तर अडीचपटच उरले असते. दोर उभा होत गेला तसा नांगर आडवा ओढला जाण्याऐवजी वर उचलला गेला.

पाणी किती वेगाने चढतं त्याचाही अंदाज ठेवा. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ ४.२ मीटर असेल तर तिसऱ्या एका तासातच पाणी एक मीटरहून जास्त वर येतं. बरोबर त्या जेवणाच्या दीड तासात सगळं बदलतं. उलट भरतीला नांगर टाकला तर ओहोटीला बोट चिखलात बसेल का, हे आधी वजाबाकी करून बघा.

नांगर आणि दोर यांच्यामध्ये चार-पाच मीटर साखळी जोडा, तिच्या वजनाने ओढ आडवी राहते. इथला तळ चिखलाचा आहे, रुंद पात्यांचा डॅनफोर्थ चांगला धरतो. टाकल्यावर इंजिन मागे घेऊन नांगर रुतवा. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, माड आणि त्यामागचं छप्पर, असं काहीही. रेष मोडली की बोट सरकतेय.

प्रश्न : माणूस पाण्यात पडला तर शिडाची बोट लगेच वळवायची का? (म्हापसा)

घाईघाईत वारा मागून घेऊन वळवू नका. आडवं दांडकं, म्हणजे बूम, एका फटक्यात या बाजूची त्या बाजूला जाते आणि दुसरा माणूस जखमी होतो. क्रम असा.

पाहणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं आणि हाताला लागेल ते तरंगणारं फेकायचं : रिंग, उशी, रिकामा कॅन. एकाने फक्त हाताचं बोट रोखून त्या माणसाकडे बघत राहायचं, दुसरं कोणतंही काम करायचं नाही. अर्धा मीटर लाटेतही डोकं काही सेकंदांत दिसेनासं होतं. जीपीएस असेल तर त्याचं ‘एमओबी’ (माणूस पाण्यात) बटण दाबा. बोट वाऱ्याला काटकोनात घ्या, बोटीच्या पाच-सहा लांब्या पुढे जा, मग नाळ वाऱ्यातून नेत वळा. परत येताना त्या माणसाच्या थोडं खालच्या अंगाला, म्हणजे वारा ज्या दिशेला जातो तिकडे, राहा. शेवटच्या तीन-चार लांब्यांत नाळ थोडी वाऱ्याकडे घ्या आणि दोन्ही शिडांचे दोर सैल सोडा. शिडं फडफडली की वेग मरतो. वेग जास्त वाटला तर सरळ पुढे जा आणि पुन्हा फेरी घ्या. धावत्या बोटीतून हात धरायला गेलं तर खांदा निखळतो.

मोठ्या केबिनच्या बोटीत माणूस वाऱ्याच्या पलीकडच्या, झुकलेल्या बाजूला घ्या, कारण तिथे कठडा पाण्याजवळ असतो. छोट्या डिंगीत उलट, वारा येतो त्या बाजूला, नाहीतर बोट त्याच्यावर उलटेल. इंजिन चालू केलं असेल तर जवळ येताच न्यूट्रल.

खरी कसोटी वर काढण्याची. भिजलेला, दमलेला माणूस दोघांनाही उचलत नाही. आधी त्याला दोराने बोटीला बांधा, मग शिडी. शिडी नसेल तर जाड दोराचे दोन मोठे फास कठड्यावरून सोडा, पायरीसारखे वापरता येतात. त्यालाही बळ नसेल तर मोठ्या शिडाच्या (मेनसेलच्या) दोराची कप्प्यांची माळ बूमपासून सोडवून वरून अडकवा आणि ओढा. हे सगळं एका शांत दिवशी सराव म्हणून करा. फेंडरला, म्हणजे बोटीच्या कडेला लटकवायच्या हवेच्या उशीला, पाण्याने भरलेली बादली बांधून टाकली की तो माणसासारखाच तरंगतो, वाऱ्याने उडत नाही.

प्रश्न : मध्येच थांबून पोहायला उतरावं का? (डोंबिवली)

प्रवाह वळायच्या वेळी, नांगर टाकलेला असताना, शिडी लावून आणि मागे वीस मीटर दोर तरंगता सोडून, हो. एरवी नको. दोन नॉटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला एक मीटर, सर्वसाधारण पोहणाऱ्याचा वेग याहून कमी असतो. बोटीवर ती चालवू शकणारा एक माणूस कायम हवा.

प्रश्न : शिडाच्या बोटीला आधी वाट द्यायची असा नियम आहे ना? मग मोठी जहाजं भोंगे का वाजवतात? (मुंबई)

नियम अर्धा वाचला जातो. मोकळ्या समुद्रात इंजिनच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची. पण अरुंद जलमार्गात, ज्या जहाजाला खोल पाण्याची वाट सोडता येत नाही त्याला शिडाच्या बोटीने आणि वीस मीटरहून लहान कोणत्याही बोटीने अडथळा करायचा नाही. मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी जहाजं अशाच खणलेल्या मार्गातून येतात, आणि मांडव्याला जाताना तुम्हाला तो मार्ग ओलांडावाच लागतो.

बारा नॉटने येणारं जहाज एक मैल पाच मिनिटांत कापतं, आणि जहाज चालवणाऱ्या खोलीतल्या (ब्रिजवरच्या) माणसाला नाळेपुढचे काहीशे मीटर दिसतच नाहीत. जहाजाकडे हाताचं बोट रोखा, कंपासवर आकडा बघा, दोन मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा तोच आणि जहाज मोठं होतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. मार्ग काटकोनात आणि जहाजाच्या मागून ओलांडा. वारा पडला असेल तर मार्गात शिरण्याआधीच इंजिन चालू करा.

कोळ्यांच्या डोल जाळ्यांचंही तसंच. पाण्यावर पिंपं किंवा बोये ओळीने दिसले की त्यांच्यामधून जाऊ नका, बाहेरून वळसा घ्या. अडकलात तर इंजिन मुळीच चालू करू नका, पंखा जाळं गुंडाळतो. शिडं उतरवा, वल्ह्याने जाळं खाली दाबून बोट मागे सरकू द्या. जाळं कापणं हा अगदी शेवटचा उपाय, ते कुणाचं तरी पोट आहे.

प्रश्न : मुंबई ते गोवा शिडाने जायचं स्वप्न आहे. किती दिवस धरावेत? (बंगळुरू)

अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. दिवसाच चालायचं ठरवलं तर सात-आठ दिवस, अधिक दोन दिवस हवेसाठी राखीव. जानेवारी ते मार्च चांगला काळ. दुपारचा वायव्य वारा दक्षिणेला जाताना मागून मिळतो. परतताना तोच तोंडावर, म्हणून बरेच जण बोट गोव्यात ठेवून रस्त्याने येतात. पहिला टप्पा मुंबई ते राजपुरीची खाडी, सुमारे चाळीस मैल. पुढे हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण. निवाऱ्याच्या दृष्टीने जयगड आणि विजयदुर्ग उत्तम. खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, तिथे चढत्या पाण्यातच शिरा : टेकलात तरी पाणी तुम्हाला उचलेल. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडक पसरले आहेत, स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय आत जाऊ नका. रात्री चालू नका. जाळी, आणि दिवे न लावलेल्या होड्या, ही दोन कारणं पुरेशी आहेत. मे महिन्याचा उत्तरार्ध टाळा. तौक्ते वादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलं.

पण आधी एक मोसम बंदरात घालवा, आणि निदान दहा वेळा नांगर स्वतः टाकून उचला.

प्रश्न : मोबाइल असताना वायरलेस कशाला? (कोल्हापूर)

मोबाइल एकाच माणसाला ऐकू जातो, व्हीएचएफ वायरलेसचा १६ नंबरचा चॅनल आसपासच्या सगळ्या जहाजांना. हातातल्या पाच वॉटच्या संचाचा पल्ला छोट्या बोटीवरून चार-पाच मैल, बंदरात तेवढा पुरतो. त्यासाठी परवाना लागतो, तो बोटमालकाकडे आहे का विचारा. जिवावर बेतलं तर तीनदा ‘मेडे’, बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय, किती माणसं. मोबाइलवरून तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. मोबाइल जलरोधक पिशवीत, पूर्ण चार्ज करून, पॉवर बँकसह. एक फोन चालू आणि दुसरा बंद ठेवा.

किनाऱ्यावरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे चिठ्ठी ठेवा : बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, रंग, माणसं किती, तांडेलाचा नंबर, कुठे जाणार, किती वाजता परतणार. शिवाय एक वेळ अशी लिहा की तोपर्यंत फोन आला नाही तर त्या व्यक्तीने थेट १५५४ लावायचा. वरच्या मांडव्याच्या बेतात ती संध्याकाळी साडेसहा धरा. जेटीला लागल्यावर पहिला फोन त्याच व्यक्तीला करा, मग बॅगा उतरवा.